गाडीत कोण आहे?

पुण्यात वेताळ टेकडीला बरेच जण ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांना त्या संस्थेचं कुंपण माहीत असतं, आत काय चालतं ते सहसा माहीत नसतं. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया हे तिचं पूर्ण नाव. तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात आणि भारतातल्या गाड्यांसाठीची मानकं तिथून प्रसिद्ध होतात. २०१६ च्या अखेरीस असंच एक मानक निघालं, एआयएस १४०. टॅक्सी, बस अशा प्रवासी गाड्यांमध्ये जीपीएसची पेटी कशी असावी आणि संकटात दाबायचं बटण कसं असावं, हे त्यात लिहिलेलं आहे.

इंजिनिअरिंग संपल्यावर लागलेल्या पहिल्या नोकरीत मी दीडेक वर्ष या मानकाच्या संगतीत काढलं. काम फार थोर नव्हतं. गाड्यांमधून दर काही सेकंदांनी एक ओळ सर्व्हरवर येऊन पडायची, ती तोडून, तपासून डेटाबेसमध्ये टाकायची. सॉफ्टवेअरच्या भाषेत या ओळीला पॅकेट म्हणतात. स्वल्पविरामांनी तोडलेली माहितीची माळच ती: पेटीचा आयएमईआय, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, किती उपग्रह दिसतायत, इंजिन चालू की बंद, बॅटरी किती, पेटी कुणी उघडली का, आणि त्यातच कुठेतरी एक आकडा, शून्य किंवा एक. शून्य म्हणजे सगळं ठीक. एक म्हणजे कुणीतरी बटण दाबलंय.

त्या माळेत पन्नासच्या आसपास मणी होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्यात माणसासाठी एकही नाही. गाडी चालवतंय कोण, मागे बसलंय कोण, यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. मी टीममधल्या सीनियरला विचारलं. तो म्हणाला, “अरे, ते ट्रॅकिंग आहे. आयडेंटिफिकेशन वेगळा विषय.”

वाक्य बरोबरच होतं. पण हे दोन विषय वेगळे कधी झाले, ते मला शोधावंसं वाटलं. कारण भाड्याच्या गाडीचा इतिहास बघितला तर तो जवळपास सगळा दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. गाडी कुठे आहे हे शेदोनशे वर्षांपूर्वी कुणी विचारत नव्हतं. हाकणारा कोण आहे, हे मात्र विचारत होते.

लंडनमध्ये १८४३ चा घोडागाड्यांचा कायदा म्हणतो की प्रत्येक गाडीवानाला परवान्याबरोबर नंबर असलेला धातूचा बिल्ला द्यायचा आणि त्यानं तो दिसेल असा लावायचा. या कायद्यातली काही कलमं आजही लागू आहेत. मुंबईत १८६३ साली सार्वजनिक वाहनांचा कायदा झाला आणि व्हिक्टोरिया, बैलगाड्या वगैरे परवान्याच्या चौकटीत आल्या. १९११ मध्ये मुंबईत मोटारटॅक्सी धावायला लागली ती याच वळणाने. गाडीला नंबर, ड्रायव्हरला बिल्ला. आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीवाले ‘बॅज’ म्हणतात तो हाच. ‘लायसन्स-बॅज आहे का?’ हा वाहतूक पोलिसाचा प्रश्न म्हणजे लंडनच्या त्या कायद्याचा चुलत-चुलत नातू.

बिल्ल्याबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तो घटना घडून गेल्यानंतरसाठी आहे. भाडं जास्त घेतलं, सामान राहिलं, शिवीगाळ झाली, तर नंबर लक्षात ठेवा आणि तक्रार करा. गाडी चालू असताना बिल्ला काही करू शकत नाही. ड्रायव्हरला एवढंच माहीत असतं की आपला नंबर समोरच्यानं वाचलाय. तेवढ्या धाकावर शंभर-दीडशे वर्षं काम भागलं, कारण शहरात टॅक्सी रस्त्यावर, लोकांच्या देखत मिळायची.

आणि बिल्ला उलटाही फिरतो. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा ड्रायव्हर म्हणजे जगातला सगळ्यात तपासून घेतलेला टॅक्सीवाला. शहरातले हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, मग बिल्ला मिळतो. जॉन वॉरबॉइज हा असाच बिल्लाधारी होता. बायकांना गुंगीचं औषध घालून तो अत्याचार करायचा. तक्रारी आल्या, पण काळ्या टॅक्सीचा ड्रायव्हर असं करेल हे पोलिसांच्या गळी उतरेना. २००७ मध्ये त्याला पकडून सोडूनही दिलं होतं. २००९ मध्ये तो दोषी ठरला. पोलिसांनी नीट तपास केला नाही म्हणून त्यांच्यावर जबाबदारी येते, असा निकाल २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. बिल्ल्याचं काम ड्रायव्हरला ओळखण्याचं. इथे तो पोलिसांच्या डोळ्यांवर आला.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या पिढीने टॅक्सी ओळखली ती बहुतेक ऑफिसच्या कॅबमधून. या कॅबचा इतिहास फार जुना नाही आणि त्यातली तीन वर्षं आयटीवाल्यांनी तरी विसरू नयेत.

डिसेंबर २००५, बंगळूर. कॉल सेंटरमध्ये काम करणारी एक तरुणी रात्रपाळीला निघाली. नेहमीचा ड्रायव्हर येणार नाही, त्याच्या बदली मी आलोय, असं सांगून एकाने तिला गाडीत बसवलं. तिला नेण्यासाठी ठरलेली गाडी ती नव्हतीच. तिचा खून झाला. २०१० मध्ये त्या ड्रायव्हरला जन्मठेप झाली.

नोव्हेंबर २००७, पुणे. बीपीओत काम करणारी बावीस वर्षांची मुलगी रात्रपाळीसाठी घरून निघाली. गाडी ठरलेलीच होती, ड्रायव्हरही कंपनीच्या कंत्राटातला. पण सोबत त्याचा एक मित्र होता. गाडी गहुंज्याच्या दिशेला गेली. त्या वेळी ती फोनवर एका मित्राशी बोलत होती. गाडी कुठे नेतोयस, इथे का थांबवलीस, असं ती ड्रायव्हरला विचारतेय हे पलीकडे ऐकू गेलं. मग फोन तुटला. पुढे न्यायालयात त्या मित्राची साक्ष झाली. ड्रायव्हर मात्र नंतर दुसऱ्या कर्मचाऱ्याला घ्यायला उशिरा पोचला आणि टायर पंक्चर झाला होता असं सांगून मोकळा झाला.

ऑक्टोबर २००९, पुन्हा पुणे, खराडी. कामावरून सुटून घरी जायला वाहनाची वाट पाहणारी एक सॉफ्टवेअर इंजिनिअर. तिला एका कॅबवाल्याने घरी सोडतो म्हणून गाडीत घेतलं. तिचाही खून झाला. २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

मी तेव्हा शाळेत होतो. घरात मोठी चुलतबहीण आयटीत होती, आणि या दोन्ही वेळी आत्याने तिला नोकरी सोडायला सांगितल्याचं आठवतं. तिने सोडली नाही. पण अनेक घरांत काय झालं असेल याची कल्पना येते. असे खून झाले की बातमीत एक नाव येतं, आणि त्या रात्रीपासून किती मुलींची रात्रपाळी, किती मुलींचं पुण्याला येणं थांबलं, याची नोंद कुठेच होत नाही.

ही तीन प्रकरणं एकाखाली एक ठेवून बघा. पहिल्यात गाडी खोटी होती. दुसऱ्यात गाडी खरी, ड्रायव्हर खरा, पण गाडीत आणखी कोण बसलंय हे कंपनीला माहीत नव्हतं. आणि पलीकडे ऐकणारा माणूस होता, त्याला फक्त जागा कळली नाही. तिसऱ्यात तर ठरलेलं काहीच नव्हतं. कॅबवाला म्हणजे ओळखीच्या जगातला माणूस, एवढ्या विश्वासावर ती बसली. म्हणजे ‘कुठे’ हा प्रश्न निर्णायक होता तो फक्त मधल्या प्रकरणात. बाकी दोन्हीकडे ‘कोण’ हाच प्रश्न होता.

यानंतर कंपन्यांनी नियम कडक केले. स्त्री कर्मचाऱ्याला रात्री पहिली घ्यायची नाही, शेवटची सोडायची नाही. तशी वेळ आलीच तर सोबत गार्ड. माझं ऑफिस हिंजवडीला आणि मी राहायला वाकडला, म्हणजे रात्री दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पण कॅबमध्ये कोथरूडची सहकारी असली की गाडी आधी कोथरूडला जायची आणि मग मला घेऊन उलटी वाकडला यायची. तासभर जास्त. त्याबद्दल कुणी कुरकुर केली की मला राग यायचा. या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात भरवशाचा सेन्सर म्हणजे मागच्या सीटवर पेंगणारा दुसरा माणूस. त्याला रिचार्ज लागत नाही.

मग दिल्ली. १६ डिसेंबर २०१२ ची ती बस सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावरचे प्रवासी घेण्याचा अधिकार तिला नव्हताच. बस सापडली कशी, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. महिपालपूर भागातल्या एका हॉटेलच्या सीसीटीव्हीत एक पांढरी बस दिसली, तिच्या अंगावर ट्रॅव्हल्सचं नाव रंगवलेलं होतं. तेवढ्यावरून पोलीस तिच्यापर्यंत पोचले. पेंटरने ब्रशने काढलेली अक्षरं.

पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात निर्भया फंड आला, १,००० कोटी रुपयांचा. सार्वजनिक वाहनांत जीपीएस आणि बटण बसवण्याची चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास शहरांमध्ये ॲपवाल्या टॅक्स्या आल्या आणि वाटलं, प्रश्न सुटला. विचार करा, बिल्ल्याला जे जमलं नव्हतं ते सगळं फोनवर आलं होतं: ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा नंबर, नकाशावर सरकणारी छोटी गाडी.

५ डिसेंबर २०१४. दिल्लीत रात्री एका तरुणीने ॲपवरून टॅक्सी बोलावली. ड्रायव्हरने तिच्यावर बलात्कार केला. दोन दिवसांत तो मथुरेत पकडला गेला आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. २०११ मध्ये बलात्काराच्याच आरोपाखाली त्याला अटक झाली होती. काही महिने तुरुंगात काढून पुढे तो त्या खटल्यातून सुटला होता. पोलिसांकडून मिळालेला म्हणून त्याने दाखवलेला चारित्र्याचा दाखला बनावट होता. पोलिसांनी हेही सांगितलं की गाडीत स्वतंत्र जीपीएस यंत्रणा नव्हती. नकाशावर सरकणारी ती गाडी म्हणजे प्रत्यक्षात ड्रायव्हरचा फोन होता. फोन बंद केला की गाडी नकाशावरून गायब.

मग तो सापडला कसा? तो तिला सोडून निघाला तेव्हा तिने गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला होता.

या तपशिलापाशी मी बराच वेळ अडकलो होतो. कोट्यवधी डॉलरची कंपनी, उपग्रह, क्लाउड, आणि शेवटी पोलिसांच्या हाती पडला तो पत्र्याच्या प्लेटचा फोटो. तोही तिने स्वतः, त्या अवस्थेत काढलेला. सगळ्या साखळीतलं इलेक्ट्रॉनिक ओळख पटवण्याचं काम तिनेच केलं.

दिल्ली सरकारने तीन दिवसांत त्या सेवेवर बंदी घातली. काही आठवड्यांत ॲपमध्ये एसओएस बटण आलं, आणि ते जगात आधी भारतात आलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ड्रायव्हर दोषी ठरला, जन्मठेप झाली. आणि २८ नोव्हेंबर २०१६ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला गेला: प्रवासी वाहनांमध्ये ट्रॅकिंग पेटी आणि आपत्कालीन बटणं बंधनकारक. वेताळ टेकडीवरचं मानक येतं ते या नियमाच्या पोटी.

अभियंता म्हणून सांगतो, ते मानक वाचताना दिल्लीची ती रात्र डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी लिहिलंय हे जाणवतं. पेटीचा ड्रायव्हरच्या फोनशी संबंध नाही. सिमकार्ड आतच पक्कं बसवलेलं. गाडीची बॅटरी काढली तरी किमान चार तास चालेल अशी स्वतःची बॅटरी. नेटवर्क गेलं तर ४०,००० नोंदी पोटात साठवायच्या आणि रेंज आली की ओकायच्या. बटणाचं सर्किट तर फार आवडलं मला. साधं बटण दाबल्यावर सर्किट जुळतं. इथे उलट: सर्किट कायम जुळलेलं, दाबलं की तुटतं. म्हणजे कुणी चलाखीने बटणाची तार कापली तर ते बटण दाबल्यासारखंच होणार.

पण दिल्लीच्या प्रकरणाचे दोन धडे होते. फोन बंद करता येतो, हा एक. दाखला बनावट होता, हा दुसरा. पहिल्यावर आपण उत्तम हार्डवेअर बनवलं. दुसऱ्यासाठी पॅकेटमध्ये एक रकानाही ठेवला नाही. गाडीचा मालक एक, परवाना त्याच्या नावावर, दिवसा चालवणारा दुसरा, रात्री चालवणारा तिसरा, ही आपल्याकडची रोजची पद्धत. पेटीला तिघेही सारखेच.

त्यात आणखी एक गंमत झाली. नियम लागू होण्याची तारीख होती १ एप्रिल २०१८. त्याच एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालाला धरून, केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कळवलं की टॅक्सीसारखी हलकी वाहनं चालवायला वेगळं व्यावसायिक लायसन्स मागू नका, साधं लायसन्स पुरे. रोजगार वाढावा म्हणून घेतलेला निर्णय, आणि त्यात तथ्यही होतं. ते लायसन्स काढताना एजंटांचं किती फावायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण योगायोग बघा. गाडीची ओळख पक्की करण्याचा नियम आणि ड्रायव्हरच्या ओळखीचा जुना टप्पा सैल करणारं पत्र, एकाच महिन्यात.

नियमाची तारीखही पुढे सरकली. शेवटी १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांना तो लागू झाला, जुन्या गाड्यांचं काय ते राज्यांवर सोडलं. आणि तीन चाकी वाहनं पहिल्यापासूनच वगळलेली होती. म्हणजे पुण्यात रात्री अकराला स्वारगेटला उतरलेली बाई ज्या वाहनात बसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ते रिक्षा हे वाहन या नियमात नाहीच.

आतापर्यंत सगळं प्रवाशाच्या बाजूने लिहिलं. पण पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे कोण बसलंय हे कळण्याचा काही मार्ग आहे का? त्याला तर समोर बघायचं असतं, पाठ प्रवाशाकडे.

२००० साली अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने सांगितलं होतं की कामावर असताना खून होण्याची शक्यता टॅक्सी ड्रायव्हरच्या बाबतीत इतर कामगारांच्या साठपट आहे. आपल्याकडे २००२ ते २००४ च्या दरम्यान दिल्लीच्या आसपास टॅक्सी ड्रायव्हर नाहीसे होत होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एक आयुर्वेदिक डॉक्टर आणि त्याचे साथीदार अलीगढकडे जायचं म्हणून टॅक्सी ठरवायचे, वाटेत ड्रायव्हरला मारायचे, गाडी विकायचे आणि प्रेत कासगंजच्या हजारा कालव्यात टाकायचे. कालव्यात मगरी होत्या. अनेक खुनांत तो दोषी ठरला. ही कथा वाचताना अंगावर काटा येतो तो मगरींमुळे नाही. इतके ड्रायव्हर गेले आणि शेवटचं भाडं कुणाचं होतं याची कुठेही नोंद नव्हती, हे जास्त भयंकर आहे. ड्रायव्हरच्या छातीवर नंबर लावायचा कायदा १८४३ चा. प्रवाशाचं नाव विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

न्यूयॉर्कसारख्या शहरांनी यावर गोळी न भेदणारी काच बसवून पाहिली. नंतर काही शहरांनी टॅक्सीत कॅमेरे बसवले. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, ‘नायॉश’ने, २६ शहरांचा १९९६ ते २०१० या काळाचा अभ्यास केला. कॅमेरे बसवलेल्या शहरांत ड्रायव्हरच्या खुनांचं प्रमाण, कॅमेरेही नाहीत आणि काचही नाही अशा शहरांच्या साधारण एक तृतीयांश निघालं. फक्त काच बसवलेल्या शहरांत असा ठोस फरक दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. काच अडवते, कॅमेरा ओळखतो, आणि ओळखणं अडवण्यापेक्षा जास्त कामी आलं. आपला चेहरा कुठेतरी जमा झालाय हे मागे बसलेल्याला समजलं, की बराचसा फरक तिथेच पडतो. बिल्ल्याचीच युक्ती, फक्त दिशा उलटी.

आपल्याकडच्या ॲपमध्ये प्रवाशाची ओळख म्हणजे ओटीपी. चार आकडे. त्यातून एवढंच सिद्ध होतं की ज्या फोनवरून गाडी मागवली तो फोन गाडीपाशी आहे. फोन कुणाचा, सिम कुणाच्या नावावर, बसलेला माणूस तोच का, हे ड्रायव्हरला कळत नाही. ड्रायव्हरला मात्र अधूनमधून सेल्फी काढून चेहरा जुळवून द्यावा लागतो. ही तपासणी २०१७ पासून आपल्याकडे आहे. चांगलीच गोष्ट आहे ती. पण ओळख द्यायची ती एकाच बाजूने, हा प्रकार काही बदललेला नाही.

मग सगळ्यांचीच सगळी ओळख सगळीकडे जमा करावी का? इथे मला माझ्याच धंद्याची भीती वाटते.

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्स्यांत जीपीएस आणि कार्ड-यंत्रं सक्तीची झाली तेव्हा ड्रायव्हरांच्या संघटनेने दोन दिवसांचा संप केला. आमच्यावर पाळत ठेवली जाईल, असं त्यांचं म्हणणं. अनेकांना तो तंत्रज्ञानाला विरोध वाटला. २०१० मध्ये त्याच डेटावरून शहराच्या टॅक्सी आयोगाने जाहीर केलं की ड्रायव्हरांनी सुमारे १८ लाख फेऱ्यांमध्ये जास्त पैसे उकळले. वर्तमानपत्रांत मथळे आले. दोनेक महिन्यांनी नीट तपासल्यावर आकडा २ लाख ८६ हजारांवर आला. चोरी झालीच नव्हती असं नाही, पण आधीच्या आकड्याने हजारो माणसांवर चोरीचा शिक्का बसला होता.

२०१४ मध्ये माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली एकाने त्याच आयोगाकडून २०१३ च्या सगळ्या फेऱ्या मागवल्या. १७ कोटींहून अधिक. आयोगाने टॅक्सीचा आणि ड्रायव्हरचा नंबर एमडी५ नावाच्या पद्धतीने ‘झाकून’ दिला. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की हे झाकणं नव्हे. नंबर ठरावीक साच्यातले, सगळ्या शक्यता मिळून काही कोटी. सगळ्यांचे एमडी५ काढून जुळवायचे, झालं. एका इंजिनिअरने काही तासांत सगळे नंबर उघडे केले. मग कुणीतरी टॅक्सीत बसणाऱ्या नटनट्यांचे फोटो शोधले, त्यात दिसणाऱ्या टॅक्सीच्या नंबरावरून ते कुठून कुठे गेले आणि भाडं किती दिलं तेही काढलं. त्याच वर्षी एका ॲप कंपनीत कर्मचाऱ्यांना कुठल्याही ग्राहकाची गाडी थेट पाहता येते हे उघड झालं. त्या सोयीचं नाव होतं ‘गॉड व्ह्यू’. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली, २०१६ च्या सुरुवातीला तडजोड झाली, दंड २०,००० डॉलर.

सुरक्षेसाठी घेतलेला पत्ता चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर तो पत्ताच धोका असतो. एखाद्या बाईला तिचा माजी नवरा शोधत असेल, आणि त्याचा मित्र ट्रॅकिंग कंपनीत असेल, तर माझं ते सुबक पॅकेट कुणाच्या कामाला येईल? आम्ही सर्व्हरवर कुणाला काय दिसावं याची यादी केली तेव्हा ‘डेमोसाठी सगळं दिसू दे’ अशी मागणी आली होती. आम्ही दोघांनी भांडून ती बंद ठेवली. पण ते भांडण नियमात नव्हतं, आमच्या हट्टात होतं.

त्यामुळे मला वाटतं, ओळख हवी; दोन्ही बाजूंची हवी; पण ती मोहोरबंद हवी. प्रवास चालू असताना ड्रायव्हरला प्रवाशाचा आणि प्रवाशाला ड्रायव्हरचा तपासलेला चेहरा दिसावा, प्रवास संपल्यावर तो कुलपात जावा, आणि कुलूप कुणी कधी उघडलं याची नोंद दोघांना मिळावी. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पॅकेटमध्ये ते शिरलेलं नाही, कारण गाडीच्या पेटीला एकदा पासिंग मिळालं की आपण निश्चिंत होतो.

मध्ये एकदा रात्री साडेअकराला नगर रोडवरून चाकणला जायला टॅक्सी केली. ड्रायव्हर पन्नाशीचे, मूळचे जुन्नरकडचे. मागच्या दाराशी लाल बटण दिसलं म्हणून विचारलं, “काका, हे चालतं का?”

“पासिंगला लागतं म्हणून बसवलंय,” ते म्हणाले. “दाबून बघू नका. चाललं तर पोलीस यायचे आणि नाही चाललं तर तुम्हाला रात्रभर झोप नाही यायची.”

मी ओटीपी सांगितला. त्यांनी तो टाकला, पण गाडी लगेच काढली नाही. आधी घरी फोन लावला. चाकणचं भाडं आहे, एकच जण आहे, चष्मा आहे, पाठीवर बॅग आहे, असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मग आरशात माझ्याकडे पाहून म्हणाले, “राग नका मानू साहेब. बायको विचारते रोज.”

मी माझा फोन काढून आईला ट्रिपची लिंक पाठवली आणि त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पहिला गिअर टाकला.